पन्नास वर्षांचा वारा नोंदींवरून कसा काढावा

होर्डिंग, मोबाइल टॉवर, गोदामाचे पत्र्याचे छप्पर, घाटमाथ्यावरची पवनचक्की, काहीही उभे करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो: इथे वारा जास्तीत जास्त किती धरायचा? उत्तर नोंदवहीत आयते मिळत नाही. नोंदी असतात वीस-तीस वर्षांच्या आणि वेग हवा असतो पन्नास किंवा शंभर वर्षांचा. जो वारा कदाचित अजून कोणी मोजलेलाच नाही, त्याचा आकडा मोजलेल्या वाऱ्यावरून काढायचा आहे. त्यासाठीचे गणित अवघड नाही, एक्सेलमध्ये अर्ध्या तासात उरकते. खरे दिवस जातात ते नोंदी साफ करण्यात.

आकडा नेमका कशाचा

आपल्याकडे भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये (२०१५ ची आवृत्ती) मूळ वेगाची व्याख्या दिली आहे. जमिनीपासून १० मीटर उंची, मोकळ्या प्रदेशातली श्रेणी २ ची जमीन, ३ सेकंदांची सरासरी आणि ५० वर्षांचा रिटर्न पीरियड (दर वर्षी ओलांडला जाण्याची शक्यता पन्नासात एक). नकाशात ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर प्रति सेकंद असे सहा पट्टे आहेत. मुंबई आणि नागपूर ४४ मध्ये, तर पुणे, नाशिक आणि पणजी ३९ मध्ये. या चार अटींपैकी एक जरी निसटली तरी तुमचा आकडा आणि मानकाचा आकडा यांची तुलना होऊ शकत नाही.

‘५० वर्षांचा वारा’ म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा हजेरी लावणारा वारा नव्हे. दर वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता २ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. मग ५० वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता किती? १ वजा ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे जवळपास ६४ टक्के. मालकाला हे आधीच सांगून ठेवा. ‘पन्नास वर्षांची गॅरंटी’ असा समज करून घेतलेले लोक बरेच भेटतात.

वेगातली चूक भारात वाढून येते, हेही लक्षात असू द्या. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंदात, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये). वेग १० टक्के चुकला की भार २१ टक्के चुकतो.

नोंदी मागवताना आणि तपासताना

हवामान खात्याच्या जुन्या नोंदी पुण्याच्या राष्ट्रीय डेटा केंद्रातून मिळतात. अर्जात फक्त ‘वाऱ्याचा वेग’ लिहिलेत तर ठरावीक वेळच्या निरीक्षणांचा गठ्ठा हाती येईल. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या त्या वेगांचा या कामाला उपयोग नाही. मागायचा तो दिवसातला सर्वांत जोराचा झोत, त्याची वेळ आणि दिशा. सोबत केंद्राचा इतिहासही मागा: उपकरण कोणते, किती उंचीवर, कधी बदलले, केंद्र कधी हलवले.

पहिली तपासणी एककाची. जुन्या नोंदी नॉटमध्ये, काही ताशी किलोमीटरमध्ये, नवी स्वयंचलित यंत्रे मीटर प्रति सेकंदात. १ नॉट म्हणजे १.८५२ किमी प्रति तास किंवा ०.५१४ मीटर प्रति सेकंद. एकाच फाइलमध्ये एखाद्या वर्षापासून सगळे आकडे अचानक निम्मे झालेले दिसले तर हवामान बदलले नसून एकक बदलले आहे. सगळे आकडे ५ किंवा १० च्या पटीत येत असतील तर कोणीतरी नोंदपट्टीवरून नजरेनेच आकडा उचलला आहे. तो टाकून देऊ नका, पण त्यात अडीच-पाच नॉटांची ढिलाई आहे हे धरून चाला.

दुसरी तपासणी सरासरीच्या कालावधीची, आणि सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. जुन्या डाइन्स दाबनळी यंत्राच्या पट्टीवर झोत उमटतो, म्हणजे काही सेकंदांचा वेग. विमानतळाच्या मेटार संदेशात (ठरावीक वेळी निघणाऱ्या हवामान अहवालात) १० मिनिटांची सरासरी असते, आणि झोत त्या सरासरीहून १० नॉट किंवा जास्त असेल तरच त्याचा वेगळा उल्लेख होतो. चक्रीवादळाच्या बातमीपत्रात भारतीय हवामान खाते ३ मिनिटांची सरासरी देते, अमेरिकी संस्था १ मिनिटाची. पवनचक्कीच्या मोजणी खांबावर पुन्हा १० मिनिटे. मोकळ्या जमिनीवर ३ सेकंदांचा झोत तासाभराच्या सरासरीच्या साधारण दीडपट असतो, आणि १० मिनिटांच्या सरासरीच्या १.४ पटीच्या आसपास. पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच १.४ चा गुणक आहे. मात्र हे गुणक दिवसभर वाहणाऱ्या, एकसारख्या वाऱ्याचे आहेत. वळिवाचा झोत दहा-पंधरा मिनिटांत येतो आणि ओसरतो. त्याच्या १० मिनिटांच्या सरासरीला १.४ ने गुणून झोत काढणे चुकीचे, तिथे मोजलेला झोतच हवा.

तिसरी उंची आणि परिसर. यंत्र २० मीटर उंच खांबावर असेल तर मानकातल्या श्रेणी २ च्या तक्त्याप्रमाणे गुणक १.०७ आहे, म्हणजे तिथला १०७ चा झोत १० मीटरवर १०० धरायचा. इमारतीच्या गच्चीवरचे यंत्र हे वेगळेच दुखणे आहे. कडेवरून उसळणारा वारा तिथे वेग वाढवतो, आणि कोणताही सरधोपट गुणक ती चूक दुरुस्त करत नाही. परिसर बदलतो तो हळूहळू. एकेकाळी माळावर असलेल्या वेधशाळेभोवती शहर वाढले की नोंदीत वारा वर्षानुवर्षे मंदावत गेलेला दिसतो. त्यावरून ‘वारा कमी झाला’ असा निष्कर्ष काढण्याआधी केंद्राचे जुने-नवे उपग्रह फोटो शेजारी ठेवून पाहा. दिशानिहाय तपासले तर ज्या बाजूला इमारती आल्या त्याच बाजूचा वारा घटलेला सापडतो.

आणि चौथी, रिकाम्या जागा. नोंद नेमकी वादळातच तुटते. वीज जाते, खांब पडतो, पेन पट्टीबाहेर जाते. संगणकाला ती जागा फक्त रिकामी दिसते, आणि वर्षातला खरा सर्वोच्च झोत त्या रिकाम्या जागेत बुडालेला असतो. यंत्र १०५ वर असताना बंद पडले असेल तर नोंद ‘१०५ किंवा जास्त’ अशी ठेवा. पुढे कमाल संभाव्यतेच्या पद्धतीत (हातातल्या नोंदी मिळण्याची शक्यता सर्वाधिक ठरेल असे आकडे निवडणाऱ्या) ती तशीच वापरता येते. जून ते सप्टेंबरमधला महिनाभर गायब असलेले वर्ष ‘पूर्ण’ धरू नका, पण जानेवारीतला महिना गेला असेल तर कोकणात फारसे बिघडत नाही. किती टक्के दिवस गेले त्यापेक्षा कोणते दिवस गेले ते महत्त्वाचे.

वारा कशामुळे आला ते आधी लिहा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जोराचा वारा तीन वेगळ्या कारणांनी येतो: एप्रिल-मेमधला वळीव, जून ते सप्टेंबरमधला मोसमी वारा आणि अधूनमधून येणारे चक्रीवादळ. विदर्भ-मराठवाड्यात चक्रीवादळ जवळपास नाही, तिथे वळिवाचेच राज्य. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो वारा वळिवाबरोबर आलेल्या धुळीच्या वादळाचा होता. त्याच किनाऱ्याने ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग चक्रीवादळ पाहिले होते आणि १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गुजरातकडे गेले होते.

या तिघांची जातकुळी वेगळी आहे. मोसमी वाऱ्याचे वार्षिक सर्वोच्च वेग एकमेकांच्या जवळ असतात. वळिवाचे पसरलेले असतात. चक्रीवादळ बहुतेक वर्षी नसतेच, आणि येते तेव्हा सगळ्यांना मागे टाकते. म्हणून प्रत्येक मोठ्या झोतासमोर कारण लिहा. विजांचा कडकडाट, तापमानाची अचानक घसरण, दिशेतला झटकन बदल या खुणा वळिवाच्या. काही दिवस तीच नैऋत्य-पश्चिम दिशा ही मोसमी वाऱ्याची. चक्रीवादळाचे मार्ग हवामान खात्याच्या ई-ॲटलासमध्ये १८९१ पासूनचे आहेत.

वर्षाची सुरुवात कुठे धरायची हाही छोटा पण खरा प्रश्न आहे. कोकणात ३१ डिसेंबर शांत असतो, त्यामुळे कॅलेंडर वर्ष चालते. युरोपात ऐन हिवाळ्यात वादळे येतात, तिथे जुलै ते जून असे वर्ष धरावे लागते, नाहीतर एकच वादळ दोन वर्षांच्या खात्यात जमा होते.

वार्षिक सर्वोच्च वेग आणि गुंबेल

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वाधिक वापरातली पद्धत ही. दर वर्षीचा फक्त एक, सर्वांत मोठा झोत घ्यायचा. फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये दाखवले की अशा सर्वोच्च आकड्यांचे वितरण तीनच घराण्यांपैकी एकाकडे झुकते. त्यातल्या पहिल्याला गुंबेलचे नाव पडले. सूत्र असे:

वेग = स्थान + विस्तार × य

स्थान म्हणजे नेहमीच्या वर्षीच्या सर्वोच्च वेगाची पातळी, विस्तार म्हणजे वर्षावर्षांतली पसरण. इथे य = −लॉग(−लॉग(१ − १/रिटर्न पीरियड)), लॉग नैसर्गिक. ५० वर्षांसाठी य = ३.९०२ आणि १०० वर्षांसाठी ४.६००.

हिशेब दाखवण्यासाठी २० वर्षांचे काल्पनिक आकडे घेऊ. सगळे १० मीटर उंचीवरचे ३ सेकंदांचे झोत, ताशी किमीमध्ये, लहानाकडून मोठ्याकडे लावलेले:

६२, ६५, ६६, ६८, ७०, ७१, ७२, ७४, ७५, ७६, ७८, ७९, ८१, ८३, ८५, ८८, ९१, ९५, १०१, ११८

सरासरी ७९.९ आणि प्रमाणित विचलन १३.६६. सोप्या पद्धतीत विस्तार = ०.७७९७ × १३.६६ = १०.६५, स्थान = ७९.९ − ०.५७७२ × १०.६५ = ७३.७५. ५० वर्षांचा वेग ७३.७५ + १०.६५ × ३.९०२ = ११५.३.

प्रमाणित विचलनात प्रत्येक फरकाचा वर्ग होतो, त्यामुळे एखादा मोठा आकडा सगळा हिशेब आपल्याकडे खेचतो. हॉस्किंगचे एल-मोमेंट (वर्ग न करता, क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून काढलेली मापे) त्याबाबतीत शांत असतात आणि हाताने काढायलाही कठीण नाहीत. क्रमाने लावलेल्या यादीत पहिल्या आकड्याला ०, दुसऱ्याला १, असे शेवटच्याला १९ ने गुणा आणि बेरीज करा: १६,६११. तिला २० × १९ म्हणजे ३८० ने भागा: ४३.७१३. त्याच्या दुपटीतून सरासरी वजा केली की ७.५२६. याला २ च्या नैसर्गिक लॉगने, ०.६९३१ ने भागले की विस्तार १०.८६. स्थान ७३.६३. ५० वर्षांचा वेग ११६.०, १०० वर्षांचा १२३.६.

आलेख काढल्याशिवाय या आकड्यावर सही करू नका. आडव्या अक्षावर य, उभ्यावर वेग. प्रत्येक वर्षाच्या आकड्याला संभाव्यता द्यायची ती ग्रिंगॉर्टनच्या १९६३ च्या सूत्राने: (क्रमांक − ०.४४) ÷ (एकूण वर्षे + ०.१२). अनेक पुस्तकांत क्रमांक ÷ (एकूण + १) हे वायबुलचे सूत्र असते. दोन्हींतला फरक टोकाला दिसतो. आपल्या ११८ ला वायबुल २१ वर्षांचा रिटर्न पीरियड देते, ग्रिंगॉर्टन जवळपास ३६ वर्षांचा. वायबुलच्या बिंदूंवरून सरळ रेषा ओढली तर ती जास्त उभी होते आणि ५० वर्षांचा वेग फुगतो. गुंबेलसाठी ग्रिंगॉर्टनच वापरा.

बिंदू साधारण सरळ रेषेत असतील तर ठीक. मधेच रेषा मोडून वरच्या तीन-चार बिंदूंनी वेगळा चढ धरला असेल तर ती दोन कारणांच्या वाऱ्यांची खिचडी आहे.

एक वादळ वजा केले तर

वरच्या यादीतला ११८ काढा आणि तोच हिशेब १९ आकड्यांवर करा. विस्तार ८.८५, स्थान ७२.७९, ५० वर्षांचा वेग १०७.३. एका दुपारच्या वाऱ्याने उत्तर जवळपास ९ किमी सरकले, आणि दाबाच्या भाषेत हा १७ टक्क्यांचा फरक. यंत्र त्या दुपारी बंद असते तर आपण बिनधास्त १०७ लिहून मोकळे झालो असतो.

म्हणून उत्तरासोबत खात्रीचा पट्टा, म्हणजे उत्तर किती चुकू शकते ते, द्यायलाच हवे. गुंबेलच्या उत्तराच्या प्रमाणित चुकीचे सूत्र: प्रमाणित विचलन भागिले वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ, गुणिले (१ + १.१४ग + १.१०ग²) चे वर्गमूळ, जिथे ग = ०.७७९७ × (य − ०.५७७२). ५० वर्षांसाठी ग = २.५९, शेवटचे वर्गमूळ ३.३७, आणि १३.६६ ÷ ४.४७ = ३.०५. गुणाकार १०.३. म्हणजे उत्तर ११६ आणि त्याची प्रमाणित चूक १०. ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ९६ ते १३६. वीस वर्षांच्या नोंदीतून एवढेच निघते. अहवालात ‘११६.०३’ असे दोन दशांश लिहिणाऱ्याने हा पट्टा कधी काढलेला नसतो.

दिलेला पट्टा फक्त वर्षे कमी असल्याचा आहे. उंचीची, सरासरीची, परिसराची चूक त्यात धरलेलीच नाही. रिटर्न पीरियड नोंदीच्या तीन-चार पटींपेक्षा लांब ताणू नये, हा अनुभवाचा नियम. वीस वर्षांवर पन्नासचे उत्तर चालेल. पाचशेचे मागितले तर नकार द्या.

तीन प्राचलांचा मोह

गुंबेलमध्ये दोन प्राचले आहेत, म्हणजे नोंदींवरून ठरवायचे दोन आकडे: स्थान आणि विस्तार. तिसरे, आकाराचे, घेतले की जेनकिन्सनने १९५५ मध्ये मांडलेले सर्वसाधारण टोक-वितरण मिळते. आकार शून्य असेल तर गुंबेल, धन असेल तर शेपूट लांब (फार मोठ्या वेगांची शक्यता जास्त), ऋण असेल तर वेगाला वरची मर्यादा. ‘डेटालाच ठरवू द्या’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. आपल्या यादीवर लावून बघू. एल-मोमेंटने आकार +०.११ येतो, ५० वर्षांचा वेग १२०. आता ११८ काढा: आकार −०.०५. चिन्हच बदलले. ‘वाऱ्याला मर्यादा नाही’ पासून ‘वाऱ्याला मर्यादा आहे’ पर्यंतचा सगळा प्रवास एका आकड्यावर. ५० वर्षांना गुंबेल आणि हे, यांत ४ किमीचाच फरक दिसतो, पण १,००० वर्षांना गुंबेल १४९ म्हणते आणि हे १७३. वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदीवर आकार मोकळा सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शून्य धरा, किंवा आसपासच्या अनेक केंद्रांचा मिळून एक आकार काढा.

दुसरा पर्याय कुकचा: वेगाऐवजी वेगाच्या वर्गाला गुंबेल लावायचे, कारण वर्ग केलेल्या मालिकेचे टोक गुंबेलकडे लवकर झुकते. आपल्या यादीचे वर्ग करून एल-मोमेंट काढले तर विस्तार १,८२७, स्थान ५,५०७, ५० वर्षांचा वर्ग १२,६३५ आणि वेग ११२.४. थेट वेगावरून आलेल्या ११६ पेक्षा कमी. कोणती पद्धत वापरली ते अहवालात लिहिले नाही तर वाचणाऱ्याला हा फरक नोंदींचा वाटेल.

उंबरठ्यावरचे सगळे झोत

वर्षाला एकच आकडा घेणे म्हणजे उधळपट्टी. एखाद्या वर्षी ९५, ९१ आणि ८८ असे तीन वारे येतात आणि दोन फुकट जातात, तर शेजारच्या वर्षाचा ६२ मात्र यादीत बसतो. नोंद दहा-बारा वर्षांचीच असेल तर उंबरठ्याची पद्धत घ्या. एक उंबरठा ठरवायचा आणि त्यावरचे सगळे स्वतंत्र झोत घ्यायचे.

खरा कस ‘स्वतंत्र’ या शब्दाचा. जुलैत तीन दिवस सोसाट्याचा वारा सुटला तर उंबरठ्यावरचे चाळीस तास सापडतील, पण वादळ एकच. दोन झोतांमध्ये किमान ४८ तासांचे, शक्यतो ४ दिवसांचे अंतर ठेवा आणि प्रत्येक गटातला सर्वांत मोठाच ठेवा. वळिवाला १ दिवस पुरतो. हे न करता संगणकात सगळे तास ओतले तर उत्तर नीटनेटके दिसते आणि खात्रीचा पट्टा खोटा अरुंद होतो.

उंबरठा किती? खूप खाली ठेवला तर रोजचा समुद्रवारा आत घुसतो, खूप वर ठेवला तर आकडे उरत नाहीत. वेगवेगळ्या उंबरठ्यांवर ‘उंबरठ्यापेक्षा सरासरी किती जास्त’ याचा आलेख काढा. तो जिथून सरळ होतो तिथे थांबा. वर्षाला ३ ते ५ झोत उरले तर जागा बरी आहे. सूत्र, आकार शून्य धरून:

वेग = उंबरठा + विस्तार × लॉग(वर्षाला झोत × रिटर्न पीरियड)

विस्तार म्हणजे उंबरठ्यावरच्या जादा वेगांची सरासरी. उंबरठा ६०, वर्षाला सरासरी ४ झोत, जादा वेगांची सरासरी १०.५ असेल तर ६० + १०.५ × लॉग(२००) = ११५.६. उंबरठा दोन-दोन किमीने वरखाली करून पाहा. उत्तर दर वेळी पाच-सात किमी उड्या मारत असेल तर झोत अजून स्वतंत्र झालेले नाहीत, किंवा त्यात दोन जातींचे वारे आहेत.

जाती एकत्र करताना

कारणानुसार वेगवेगळे केलेले वारे शेवटी एकाच छपरावर आदळतात, तेव्हा उत्तरे जोडावी लागतात. इथे ‘दोघांपैकी मोठा घ्या’ ही हमखास होणारी चूक. समजा ११५ चा वेग मोसमी वाऱ्यासाठी ८० वर्षांचा आणि वळिवासाठी १२० वर्षांचा आहे. कोणत्याच वाऱ्याने न ओलांडण्याची वार्षिक शक्यता म्हणजे (१ − १/८०) × (१ − १/१२०) = ०.९७९३. ओलांडण्याची २.०७ टक्के, म्हणजे ४८ वर्षे. दोन्ही स्वतंत्रपणे पन्नासच्या खूप पुढे होते, एकत्र येताच पन्नासच्या आत आले.

चक्रीवादळाचे मात्र एका केंद्राच्या नोंदीतून काही निघत नाही. वादळाचा खरा जोर त्याच्या डोळ्याभोवतीच्या काही दहा किलोमीटरच्या कड्यात असतो, आणि तो कडा नेमका तुमच्या यंत्रावरून जाणे हा योगायोग. तीस वर्षांत एकही वादळ न भेटलेले केंद्र आणि एक भेटलेले केंद्र किनाऱ्यावर शेजारी-शेजारी असू शकतात. तिथे वादळांच्या मार्गांवरून संगणकात हजारो वर्षांची कृत्रिम वादळे सोडतात, प्रत्येकाला हॉलंडच्या १९८० च्या सूत्राने वाऱ्याचा घेर देतात आणि जागेवरचा वेग मोजतात. एकट्याने करण्याचे हे काम नाही. मानकाने पूर्व किनारा आणि गुजरात किनारा यांच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी चक्रीवादळाचा वेगळा गुणक दिला आहे: वादळानंतरही चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींना १.३०, औद्योगिक बांधकामांना १.१५. कोकण त्यात नाही. अलिबाग-श्रीवर्धनकडे रुग्णालय किंवा वीज उपकेंद्र बांधताना तरी निसर्गनंतर हा गुणक स्वतःहून लावावा, असे आम्हाला वाटते.

जागतिक पुनर्विश्लेषणाचा (जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा उभ्या केलेल्या हवामानाचा), एरा ५ सारखा, डेटा फुकट आणि तासागणिक मिळतो, म्हणून त्यावर गुंबेल लावण्याचा मोह होतो. त्याची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. वळिवाचा झोत तिला दिसत नाही, चक्रीवादळाचे केंद्र पसरट होते. रिकाम्या जागेत वादळ होते का, हे शोधायला तो उत्तम. ५० वर्षांच्या वेगासाठी मात्र नाही.

सॉफ्टवेअरमधले खड्डे

पायथन भाषेच्या सायपाय या गणिती संचात टोक-वितरणाच्या आकाराचे चिन्ह उलटे आहे: तिथे धन आकार म्हणजे वरची मर्यादा. आर या संख्याशास्त्राच्या भाषेतल्या बऱ्याच पॅकेजमध्ये धन म्हणजे लांब शेपूट, तर हॉस्किंगच्या एल-मोमेंट पॅकेजमध्ये चिन्ह पुन्हा सायपायसारखे. नवे सॉफ्टवेअर घेतले की वरची वीस आकड्यांची यादी त्यात टाका. १२० च्या आसपास न येता १०४ च्या आसपास येत असेल तर चिन्ह उलटे धरले गेले आहे. एक्सेलमध्ये प्रमाणित विचलन काढताना नमुन्याचे सूत्र घ्या, पूर्ण संचाचे नव्हे. आणि लॉग नैसर्गिक आहे ना, तेही बघा. दशमान लॉगने काढलेली उत्तरे दर वर्षी कोणत्या ना कोणत्या अहवालात सापडतात.

मानकाशी ताडून पाहणे

मानकातला नकाशाही याच गणितातून आला आहे, आणि प्रत्येक पट्ट्याचे स्थान-विस्तार त्यात दिलेले आहेत. ३९ च्या पट्ट्याला ताशी ८४ आणि १४ किमी, ४४ च्या पट्ट्याला ८८ आणि १८, ५५ च्या पट्ट्याला ९०.८ आणि २७.३. ५० वर्षांचा वेग म्हणजे स्थान अधिक चार वेळा विस्तार (३.९०२ ऐवजी गोल ४). मुंबईचे ८८ + ७२ = १६०, म्हणजे ४४ मीटर प्रति सेकंद. १०० वर्षांसाठी त्याच प्राचलांवरून (८८ + १८ × ४.६००) ÷ १६० = १.०७, तक्त्यातला गुणक तोच. २५ वर्षांना ०.९१, आणि बांधकाम चालू असतानाच्या परांच्या-शटरिंगसाठी ५ वर्षांना ०.७३.

पट्ट्यांची स्थाने ८३ ते ९१ च्या आत आहेत, विस्तार मात्र ३३ च्या पट्ट्यातल्या ९.२ पासून ५५ च्या २७.३ पर्यंत तिप्पट होतो. नेहमीच्या वर्षी किनारा आणि आतला मुलूख यांत मोठा फरक नसतो. फरक पडतो तो क्वचितच्या वर्षी. तुमचा विस्तार ३९ च्या पट्ट्यात असूनही ६-७ आला तर आनंद मानू नका. यंत्र आडोशाला आहे, मोठे झोत कापले गेलेत किंवा सरासरीलाच झोत समजलात, हे तिन्ही आधी तपासा. आकडा मानकापेक्षा जास्त आला तर तो वापरा. कमी आला तर मानकाचाच वापरा, कारण १९८७ चा नकाशा ४३ डाइन्स केंद्रांच्या नोंदींवर उभा होता आणि तुमच्याकडे एक केंद्र आहे.

अहवालाच्या पहिल्या पानावर एवढे असू द्या: कोणते केंद्र, कोणती वर्षे, किती दिवस गहाळ आणि ते कोणत्या महिन्यांतले, उंची व सरासरीची दुरुस्ती कोणत्या गुणकाने, कोणती पद्धत, उत्तर आणि त्याचा पट्टा. त्याखाली सर्वांत मोठ्या पाच झोतांची तारीख, दिशा आणि कारण. आलेख पाहण्याआधी तपासणारा इंजिनिअर ती पाच ओळींची यादी वाचतो, आणि त्यात मे महिन्यातली एकही तारीख नसेल तर वळीव कुठे गेला म्हणून फोन करतो.